विरत जाणाऱ्या कडा

मोबाइलवर काढलेला फोटो जरा नीटनेटका करायला बसलं की उजेड, रंग, धार अशा पट्ट्यांच्या रांगेत ‘व्हिन्येट’ नावाची एक पट्टी सापडते. ती सरकवली की फोटोचे कोपरे काळवंडत जातात आणि मधला चेहरा पुढे आल्यासारखा दिसतो. बऱ्याच जणांची या शब्दाशी पहिली भेट इथेच होते. साहित्याच्या वाटेने येणाऱ्याला तोच शब्द निराळ्या अर्थाने भेटतो: एखाद्या माणसाचं, जागेचं किंवा प्रसंगाचं छोटं वर्णन. त्यात कथानक नसतं, गाठ बसत नाही आणि सुटतही नाही. ते दोन ओळींचं असेल, दोन पानांचं असेल, त्याहून मोठं क्वचितच. मराठीत आपण त्याला शब्दचित्र म्हणतो. माणसाबद्दल असेल तर व्यक्तिचित्र. कोणी रेखाचित्रही म्हणतं.

मला हा प्रकार कथेपेक्षा आणि कादंबरीपेक्षाही जवळचा वाटत आला आहे, आणि त्याला मिळणारी वागणूक नेहमीच खटकत आली आहे. शब्दचित्र वाचून दाखवलं की पहिला प्रश्न येतो, “छान आहे, पण पुढे काय झालं?” दुसरा येतो तो सल्ल्याच्या रूपात: “याची कथा कर ना.” म्हणजे हे कच्चं आहे, कशाची तरी तयारी आहे, लेखकाचा दम इथे संपला, असं गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं असं की चांगलं शब्दचित्र पुरं झालेलं असतं आणि ते पुरं करणं फार अवघड असतं. का अवघड, हे नीट सांगायचं तर शब्दाच्या मुळाशी थोडं जावं लागेल.

‘विन्य’ म्हणजे फ्रेंचमध्ये द्राक्षवेल, द्राक्षमळाही. व्हिन्येट म्हणजे लहानशी द्राक्षवेल. पुस्तकांच्या पानांवर, समासाच्या कडेने, प्रकरणाच्या आरंभी किंवा शेवटी पानांची आणि तणाव्यांची जी नक्षी काढत तिला हे नाव होतं. छपाई आल्यावर ही नक्षी ठशांतून उमटायला लागली. हळूहळू वेलीच्या जागी लहान चित्रं आली, वेल गेली, नाव राहिलं. युरोपातल्या भाषांत पुढे या नावाने बरीच बिऱ्हाडं केली. स्पॅनिशमध्ये चित्रकथेतली एकेक चौकट म्हणजे ‘विन्येता’, आणि यादीत प्रत्येक मुद्द्याआधी येणारा काळा ठिपकाही ‘विन्येता’च. स्वित्झर्लंडमध्ये 1985 पासून महामार्गाचा कर भरल्याचा जो स्टिकर गाडीच्या काचेला लावतात त्यालाही व्हिन्येट म्हणतात. हा सगळा विस्तार मजेशीर आहे, पण माझं लक्ष एकाच बदलावर अडकून राहतं: या छोट्या चित्रांची चौकट नाहीशी झाली तो बदल.

तो पाहायचा असेल तर टॉमस ब्युइककडे जायला हवं. हा न्यूकॅसलचा लाकडावर कोरीवकाम करणारा कारागीर, 1753 ते 1828 या काळातला. त्याचं चतुष्पाद प्राण्यांवरचं पुस्तक 1790 मध्ये निघालं, पक्ष्यांवरच्या ग्रंथाचे दोन खंड 1797 आणि 1804 मध्ये. प्राण्यांची आणि पक्ष्यांची चित्रं उत्तम आहेतच. पण एखाद्या पक्ष्याचं वर्णन पानाच्या मध्येच संपलं की खाली रिकामी जागा उरायची आणि तिथे ब्युइक दोन-तीन इंचांचं एक चित्र टाकायचा, ज्याचा वरच्या पक्ष्याशी बहुधा काही संबंध नसायचा. एका चित्रात एक लहान मूल घोड्याचं शेपूट ओढतंय, सांभाळणाऱ्या बाईचं लक्ष भलतीकडे आहे आणि मागून आई जिवाच्या आकांताने धावत येतेय. दुसऱ्यात एक माणूस गाईचं शेपूट धरून नदी पार करतोय. पुलाचा टोल वाचवायचा आहे त्याला. त्याची टोपी वाऱ्याने उडून पाण्यात पडली आहे.

या चित्रांना चौकट नाही. नदी कडेला जाता जाता फिकी होते आणि कागद सुरू होतो. नेमकं कुठे चित्र संपलं आणि कुठे कागद लागला ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

ही विरणारी कड ब्युइक कशी साधायचा ते कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. तो बॉक्सवुड नावाच्या घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर कोरायचा. हा ठसा छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्याच उंचीचा असायचा, त्यामुळे मजकुराच्या खिळ्यांशेजारी बसवून एकाच दाबात दोन्ही छापता यायचं. आता अशा ठशात जो भाग वर आहे तो शाई घेतो आणि सगळीकडे सारखाच काळा उमटतो. मग दूरची टेकडी करडी कशी करायची? ब्युइक त्या जागचं लाकूड आधी खरवडून किंचित खाली घ्यायचा आणि मग त्यावर रेघा कोरायचा. छापताना तिथे दाब कमी पडायचा, रेघ हलकी यायची. काठाकडे जाताना तो लाकूड असंच उतरतं करायचा. चित्राची कड आपोआप विरत नव्हती, ती हाताने उतरवलेली होती. मधल्या माणसाच्या टोपीवर जेवढी मेहनत, तेवढीच काठावर न दिसणाऱ्या गवतावर.

छायाचित्रणात हाच शब्द एका दोषासाठीही वापरतात. भिंगात तिरका शिरणारा उजेड कडेला कमी पोचतो. साध्या भिंगाचा हिशेब मांडला तर हा उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो: 30 अंशांना मध्याच्या 56 टक्के, 45 अंशांना जेमतेम पाव. म्हणून कोपरे काळे. पण एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकारांनी मुद्दाम उलटं केलं. माणसाचा चेहरा आणि खांदे ठेवून बाकीचं चित्र पांढऱ्यात विरवायचं. त्यासाठी पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून कागदावर उजेड पाडत. भोकाची कड कधी करवतीसारखी दातेरी कापत. पुठ्ठा निगेटिव्हच्या काचेला टेकवला तर कड धारदार येते, थोडा दूर धरला की ती विरते. सगळं काम त्या मधल्या अंतरावर अवलंबून.

मोबाइलची पट्टी कडा काळ्या करते, जुना छायाचित्रकार पांढऱ्या करायचा. लेखनात मला जो अर्थ जवळचा वाटतो तो या दुसऱ्याचा, कारण पांढऱ्यात विरलेली कड कागदाचीच होऊन जाते आणि कागद वाचणाऱ्याच्या हातात असतो.

आता शब्दांकडे. व्हिन्येट हा शब्द परका असला तरी वस्तू आपल्याकडे फार जुनी आहे. मराठीची पूर्वज महाराष्ट्री प्राकृत, आणि तिच्यातला सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखला जाणारा संग्रह म्हणजे गाथासप्तशती. सातशे गाथा, प्रत्येक गाथा दोन ओळींची आणि एकटी उभी. मागच्या गाथेशी देणंघेणं नाही, पुढचीशी नाही. त्यातली एक गाथा मी इतक्या जणांना सांगितली आहे की आता ती मला माझ्याच परिचयातल्या माणसांची गोष्ट वाटते.

पाणपोईवर एक वाटसरू ओंजळ धरून पाणी पितोय. पाणी घालणारी तरुणी समोर उभी आहे. वाटसरूची नजर वर आहे, तिच्याकडे. त्याने ओंजळीची बोटं विरळ केली आहेत, म्हणजे पाणी गळतंय आणि पिणं लांबतंय. आणि जसजशी तो बोटं विरळ करतो तसतशी ती मुळातच बारीक असलेली धार आणखी बारीक करत जाते.

संपली गाथा. या दोन ओळींत काय काय नाही ते पाहण्यासारखं आहे. त्यांची नावं नाहीत. ऊन आहे की सावली, माहीत नाही. वाटसरू कुठून आला, कुठे चालला, त्याच्या घरी कोण आहे, काही नाही. ते बोलले की नाही याचाही उल्लेख नाही. आणि जे आहे ते किती काटेकोर आहे! बोटांमधली फट आणि धारेची जाडी. या दोन्ही गोष्टी मोजता येतील अशा आहेत. दोघंही एकच लबाडी दोन टोकांनी करतायत, दोघांनाही दुसऱ्याची लबाडी कळली आहे आणि दोघंही ती कळल्याचं दाखवत नाहीयेत, हे सगळं वाचणाऱ्याला त्या फटीतून आणि धारेतून कळतं. ‘दोघं एकमेकांकडे भान हरपून पाहत राहिले’ असं लिहिलं असतं तर कवीला पाणपोईवर जायची गरजच नव्हती. कुणीही, कुठेही बसून ते वाक्य लिहू शकतो.

शब्दचित्राची कसोटी मला इथे सापडते. कडा विरायच्या असतील तर मधला भाग नेमका असावाच लागतो. अनेक नवे लिहिणारे (आणि काही मुरलेलेही) कडा विरवण्याच्या नादात सगळंच धूसर करून टाकतात. कुठलीशी संध्याकाळ, कुणीतरी, काहीतरी आठवतंय, मन भरून आलंय. हे शब्दचित्र नव्हे, हे धुकं आहे. धुक्यात मध्यही दिसत नाही. ब्युइकच्या चित्रात टोपी स्पष्ट दिसते म्हणून नदी विरलेली चालते.

मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानतात तो लीळाचरित्र हाही एका अर्थाने अशाच चित्रांचा ढीग आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी मिळवल्या आणि लिहून काढल्या. एकेक लीळा सुटी. कोण आलं, कुठे बसलं, काय विचारलं, स्वामी काय म्हणाले, आणि थांबलं. कित्येक लीळा तर चार-सहा वाक्यांच्या. म्हाइंभटांना त्या सगळ्या सांधून एक सलग कहाणी रचता आली नसती असं नाही. त्यांनी सांधल्या नाहीत, कारण आठवण तशी आलीच नव्हती. कुणालाही दुसऱ्या माणसाचं आयुष्य सलग आठवत नाही. तो दारात कसा उभा राहायचा ते आठवतं, एकदा रागावला होता ते आठवतं, त्याने दिलेलं एखादं उत्तर शब्दन् शब्द आठवतं, आणि मधली वर्षंच्या वर्षं कोरी असतात. लीळाचरित्र ते कोरेपण कोरं ठेवतं. मला हा फार मोठा प्रामाणिकपणा वाटतो.

विसाव्या शतकात हा प्रकार ज्याने जगभर गाजवला तो अर्नेस्ट हेमिंग्वे. 1924 मध्ये पॅरिसात त्याचं एक चिमुकलं पुस्तक निघालं, प्रती फक्त 170. आत 18 तुकडे, बरेचसे पानभराच्याही आतले. पुढच्या वर्षी निघालेल्या कथासंग्रहात यातले बहुतेक तुकडे कथांच्या मधे मधे बसवले गेले. त्यातला एक तुकडा सहा मंत्र्यांना गोळ्या घातल्याचा आहे. घटना खरी, ग्रीसमधली, 1922 च्या नोव्हेंबरातली, फक्त त्या सहांतला एक प्रत्यक्षात सेनापती होता. हेमिंग्वे तिथे नव्हता. तुकड्यात पहाटेची वेळ आहे, रुग्णालयाची भिंत आहे, अंगणात साचलेलं पाणी, ओली पानं, खिळे मारून बंद केलेल्या खिडक्या. एका मंत्र्याला टायफॉइड झालाय, त्याला उभं राहता येत नाही, तो पाण्यात बसतो. कोणत्या गुन्ह्यासाठी, कुणाच्या हुकुमाने, न्याय होता की सूड, एका शब्दाने सांगितलेलं नाही. वर्तमानपत्र पहिल्या ओळीत जे सांगतं ते सगळं इथे कडेला ढकलून पुसलेलं आहे आणि वर्तमानपत्र ज्याला जागा देणार नाही तो आजारी माणूस मधोमध बसलेला आहे.

एकटं शब्दचित्र वेगळं आणि शेजारी शेजारी लावलेली चित्रं वेगळी, हेही इथेच सांगायला हवं. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ 1949 चं. प्रत्येक लेखात एक माणूस. त्या मुलखावर वेगळा लेख नाही, तरी पुस्तक मिटताना तो कोरडा मुलूख पुरता ओळखीचा झालेला असतो. एका चित्राची विरलेली कड दुसऱ्याच्या विरलेल्या कडेला लागते आणि त्या पट्ट्यात, जिथे लेखकाने काहीच लिहिलेलं नाही तिथे, मुलूख तयार होतो. माडगूळकर स्वतः चित्रं काढत, ही गोष्ट मला त्यांची व्यक्तिचित्रं वाचताना विसरता येत नाही. रेघ कुठे उचलायची ते हाताला माहीत असलेला माणूस वाक्यही तिथेच उचलतो.

इतकं बोललो तर स्वतःच्या वहीतलं एक चित्र इथे ठेवायला हवं, म्हणजे मी जे म्हणतोय ते तपासता येईल.

‘एमआरआयच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई बसली होती. नवऱ्याला आत नेलं होतं. आत जाताना अंगावर धातूचं काही चालत नाही, म्हणून त्याने घड्याळ, अंगठी, पट्टा, चष्मा असं सगळं तिच्या हाती दिलं होतं. पट्टा गुंडाळून तिने पिशवीत ठेवला. चष्मा घडी करून मुठीत. अंगठी अंगठ्यात घातली. घड्याळ मनगटावर चढवलं, स्वतःच्या घड्याळाच्या वर. ते सैल होतं. हात खाली केला की तळव्यापर्यंत घसरायचं आणि ती ते पुन्हा वर सारायची. बऱ्याच वेळाने शेजारच्या माणसाने तिला किती वाजले विचारलं. तिने हात उचलला, वरच्या घड्याळात पाहिलं आणि वेळ सांगितली.’

पहिल्या खर्ड्यात हे याच्या तिप्पट होतं. ‘तिच्या चेहऱ्यावर काळजी स्पष्ट दिसत होती’ हे वाक्य होतं. ते काढलं, कारण ते लिहायला त्या बाकाजवळ असण्याची गरज नव्हती. आजार कोणता असावा याचा माझा अंदाज होता, तोही काढला. रुग्णालयाचा वास, दिव्यांचा पांढरा उजेड, हे काढलं, ते कुठल्याही रुग्णालयाचं होतं. नवरा बाहेर आला, तिने एकेक वस्तू परत दिली, हा भाग मला आवडत होता आणि तो काढताना जड गेलं. पण तो ठेवला असता तर ती छोटीशी कथा झाली असती: वस्तू दिल्या, वस्तू परत मिळाल्या. गाठ बसली, सुटली, आणि वाचणाऱ्याला त्या बाकावर बसायचं कारण उरलं नसतं.

सगळ्यात शेवटी एक वाक्य होतं, त्याची वेळ आता तिचीच वेळ झाली होती अशा अर्थाचं. ऐकायला बरं. पण त्या वाक्याने चित्राभोवती चौकट ठोकली जात होती. वरच्या घड्याळात पाहिलं, एवढं वाचून ज्याला जे वाटायचं ते वाटतंच. त्याला काय वाटावं ते सांगायला गेलो की त्याचं वाटणं तिथेच थांबतं.

आणि एक वाक्य मी हट्टाने ठेवलं: अंगावर धातूचं काही चालत नाही म्हणून. ते वाक्य रुक्ष आहे, सूचनाफलकावरचं आहे. एकदोघांनी ते काढायला सुचवलंही. पण ते गेलं तर वस्तू हाती का आल्या ते कळत नाही, आणि मग वाचणारा नको त्या गोष्टीचा विचार करत बसतो. नवरा वारला की काय, अटक झाली की काय. मोकळी जागा ठेवायची ती बाईच्या मनात, घटनेच्या कारणात नाही. कुठलं कोरं ठेवायचं आणि कुठलं भरायचं याचा निवाडा प्रत्येक चित्रात नव्याने करावा लागतो. नियम चालत नाहीत.

याच निवाड्यामुळे मला या शब्दाचा आणखी एक उपयोग अतिशय लक्षवेधी वाटतो, जो साहित्यापासून फार दूरचा आहे. वैद्यकाच्या परीक्षांत आणि समाजशास्त्राच्या पाहण्यांत व्हिन्येट वापरतात. अमुक वयाचा रुग्ण, अमुक तक्रार, तपासणीत अमुक सापडलं, आता तुम्ही काय कराल? डॉक्टरांचं काम कितपत चांगलं आहे हे मोजायला अशी कागदावरची प्रकरणं कितपत भरवशाची, हे तपासणारा एक अभ्यास 2000 साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला होता. रुग्णाचं सोंग घेतलेली शिकवलेली माणसं डॉक्टरांकडे पाठवली, त्याच आजारांची प्रकरणं त्याच डॉक्टरांना कागदावर दिली आणि रुग्णांच्या नोंदीही तपासल्या. सोंगाड्या रुग्णांनी दिलेल्या निकालाच्या जवळ नोंदींपेक्षा ही कागदी प्रकरणंच गेली. चार-सहा ओळींच्या वर्णनातून माणसाचा कामातला खरा कस कळू शकतो, याचा मला विलक्षण आनंद वाटला.

दुसरं उदाहरण त्याहून खोल आहे. राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलेलं. लोकांना विचारलं, सरकार जे करतं त्यात तुमच्या म्हणण्याला कितपत वाव आहे? उत्तरं ‘अजिबात नाही’पासून ‘भरपूर’पर्यंत. चीनमधल्या लोकांनी मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा जास्त वाव असल्याचं सांगितलं. मेक्सिकोत तर 71 वर्षं सत्तेत असलेल्या पक्षाला 2000 मध्ये मतदारांनी पाडलं होतं. मग घोळ कुठे होता? ‘बराच वाव’ म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या मनात वेगळं होतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी सगळ्यांना काही काल्पनिक माणसांची छोटी वर्णनं दिली. एकीच्या भागात पिण्याचं स्वच्छ पाणी नाही, तिथले लोक पाण्याचं आश्वासन देणाऱ्या विरोधी उमेदवाराच्या मागे उभे आहेत आणि तो निवडून येईल असं दिसतंय. दुसऱ्या कुणाची तक्रार तीच, पण तो गप्प बसून सोसतोय. यांना कितपत वाव आहे, ते सांगा. या माणसांच्या तुलनेत स्वतःला कुठे ठेवलं ते पाहिल्यावर क्रम उलटा झाला. आकडे जिथे फसले तिथे पाण्याची वाट पाहणाऱ्या एका काल्पनिक बाईने खरं काय ते सांगितलं.

पण संशोधकांची अडचण नेमकी लेखकाच्या उलटी असते. वर्णनात जे सांगितलं नाही ते वाचणारा स्वतः भरतो. गाथेतल्या वाटसरूला प्रत्येक वाचक आपापला चेहरा देतो, आणि त्यातच गाथेचं आयुष्य आहे. पाहणीत मात्र प्रत्येकाने आपापला चेहरा दिला तर सगळे एकाच माणसाबद्दल बोलत नाहीत आणि मोजमाप बिघडतं. नुसतं नाव दिलं तरी नावाबरोबर लिंग येतं, धर्म येतो, प्रांत येतो. म्हणून समाजशास्त्रज्ञ पीटर रॉसी यांनी रुळवलेल्या पद्धतीत एकाच वर्णनाच्या अनेक आवृत्त्या करतात, त्यांत तपशील आलटूनपालटून बदलतात, आणि कोणत्या तपशिलाने लोकांचा निर्णय किती हलतो ते पाहतात. एक शब्द बदलला की वाचणाऱ्याच्या मनात काय काय हलतं, हे लेखकाला अंदाजाने कळतं. इथे ते मोजलेलं असतं. लिहिणाऱ्यांनी हे संशोधन आवर्जून वाचावं असं मला वाटतं.

राहता राहिली एक गोष्ट, जिने मला अलीकडे सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं आहे. वैद्यकीय नियतकालिकं रुग्णाची ओळख पटेल असा मजकूर त्याच्या लेखी संमतीशिवाय छापत नाहीत. शब्दचित्र लिहिणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. वर्तमानपत्रातल्या मोठ्या लेखांची सुरुवात हल्ली हटकून एखाद्या माणसाच्या चित्राने होते: अमुक बाई पहाटे उठते, हंडा उचलते. दोन परिच्छेदांनंतर आकडेवारी सुरू होते आणि ती बाई पुन्हा कधीच दिसत नाही. तिचं काम वाचकाला आत ओढण्यापुरतं होतं. अशा वापराला मी शब्दचित्र म्हणायला तयार नाही. पण मी तरी त्या बाकावरच्या बाईचं काय केलं? तिला ठाऊक नाही की तिचं घड्याळ माझ्या वहीत आहे.

यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, काही सवयी आहेत. मी पाहिलेल्या माणसाबद्दल त्याला लाज वाटेल असं काही लिहीत नाही, मग ते कितीही नेमकं असो. त्याचं दुःख माझ्या अंदाजाने भरत नाही. तो सहज ओळखता येणार असेल तर चित्र वहीतच राहतं, आणि चांगली चांगली चित्रं तशी राहिली आहेत. किंवा मग एखादा तपशील बदलतो. हे सगळ्यात अवघड, कारण नेमक्या तपशिलावरच चित्र उभं असतं. बदललेला तपशील मूळच्याइतकाच काटेकोर असावा लागतो, त्याच हाताला शोभावा लागतो, तो त्या बाईने केला असता असा असावा लागतो. एमआरआयबाहेरच्या त्या चित्रात मी एक वस्तू बदलली आहे. ती शोधायला बाकीचं सगळं लिहायला लागला त्याहून जास्त वेळ गेला. कोणती, ते इथे सांगणार नाही. तिने हे कधी वाचलंच, तर तिला मात्र कळेल.